मुकीचा अबोला

त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की पाणीवालीला दोराला दोनदा तुकडा जोडावा लागला. दुसरी गाठ जाड झाली. पोहरा वर येताना ती रहाटाच्या चाकात अडकायची, आणि मग एका हाताने सगळं वजन धरून दुसऱ्या हाताने गाठ पुढे ढकलावी लागायची. त्या ढकलाढकलीत तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं निघाली होती. चिंधी बांधली तरी ती भिजून गळून पडे.

शाळेची घंटा व्हायच्या आत सोळा खेपा. पंधरा हंडे शाळेच्या टाकीत, सोळावा निवृत्त गुरुजींच्या खोलीत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा आणि समोर शाळेचा चढ. मान अशी ताठरली होती की वाटेत कोणी हाक मारली तर तिला सगळं अंगच वळवावं लागे. नवरा म्हणायचा, "तुला हाक मारली की फौजदार वळल्यासारखं वाटतं." तो स्वतः विहिरी खोल करणाऱ्या टोळीत होता. दिवसभर कुठल्यातरी कोरड्या विहिरीच्या तळाशी पहार चालवायची आणि संध्याकाळी कानात दगडाची भुकटी घेऊन घरी यायचं. पाणी लागलं का, असं त्याला कोणी विचारत नसे. लागलं असतं तर त्यानेच सांगितलं असतं.

विहिरीवर पहाटेपासून रांग. रांगेत मुकी असायची. मुकी आली की बायका थोड्या सरकून तिला जागा करून देत. दयेने म्हणा, सवयीने म्हणा. तिच्या दोन कळशा भरल्या की ती शेळ्यांच्या मागे माळावर निघून जाई. गावात नव्याने आलेल्या सुना समजत की ही जन्मापासूनच अशी. पाणीवालीने कधी कोणाचा समज दुरुस्त केला नाही. मुकी रांगेत मागे उभी असली की तिला ते न बघता कळायचं. मानेच्या मागे, चुंबळीच्या खाली, एका जागी गार लागायचं. ती पोहऱ्याकडे बघत राहायची, आणि आपला नंबर झाला की मागे न वळता चालू लागायची.

चोवीस वर्षं ती अशीच चालत आली होती.

शाळेत दुपारच्या सुट्टीत तोटीपाशी उभं राहून एकेका पोराला एकेक पेला पाणी द्यायचं, हेही तिचंच काम. पाणी मोजून द्यायची वेळ आली होती ती दोन आठवड्यांपूर्वीच्या त्या दिवसामुळे. कोणीतरी तोटी उघडी ठेवली आणि भरलेली टाकी दहाच्या आत रिकामी झाली. पत्र्याखाली पोरं करपून निघाली. पहिलीतला एकजण चक्कर येऊन पडला. मोठ्या सरांनी सगळ्यांना मैदानात उभं करून सांगितलं होतं, "हे ज्याने केलं त्याला या शाळेत जागा नाही. मग तो लहान असो नाहीतर मोठा."

पाणीवाली तेव्हा टाकीच्या सावलीत उभी होती.

आज रांग संपली तरी एक पोर लांबच उभी राहिली. खदानीवर खडी फोडायला आलेल्या कुटुंबातली, याच वर्षी शाळेत घातलेली. सगळे गेल्यावर ती पुढे आली, तिने पाणी घेतलं, पेला विसळला आणि बाजूच्या दगडावर पालथा ठेवला. बाकीचे पेले पाटीत होते. हा एकटाच दगडावर.

"इकडे पाटीत टाक की," पाणीवाली म्हणाली.

पोरीने मान हलवली. वर्गाच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि गेली.

संध्याकाळी पाणीवालीची लेक उंबऱ्यावर बसून गणितं करत होती. अकरा वर्षांची. बाप तिला खारू म्हणायचा, कारण ती एका जागी ठरत नसे. यंदा ती वर्गाची मॉनिटर झाली होती आणि त्या दिवसापासून घरातही चप्पल सरळ लावा, दार नीट ओढा, असे हुकूम सुटत होते. पाणीवाली बोटांना तेल लावत होती.

"खडीवाल्याच्या पोरीचा पेला वेगळा का गं?"

"आम्ही तिच्याशी बोलत नाही." खारूने वर पाहिलं नाही.

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळा वर्ग. आज दहा दिवस झाले. फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक रेघ मारतो आम्ही."

"कशाबद्दल?"

"तिने तोटी उघडी ठेवली ना."

"कोणी पाहिलं?"

"पाहिलं नाही. पण दुसरं कोण असणार? ती नवीन आहे. आपल्यातलं कोणी असं करेल का?"

"आणि ती काय म्हणते?"

"म्हणते मी नाही. कबूल केलं की लगेच बोलणार आहोत आम्ही. तिच्याच भल्यासाठी आहे ते."

पाणीवालीचं तेलाचं बोट हवेतच राहिलं. "हे ठरवलं कोणी?"

"मी. बाई म्हणाल्या, तुमची भांडणं तुम्ही मिटवा, मला त्यात ओढू नका. आणि म्हणाल्या, वर्ग किती शिस्तीत आलाय." खारूने गणिताखाली दोन रेघा ओढल्या. "सात आले. बरोबर आहे ना?"

तिच्याच भल्यासाठी. हे शब्द खारूला घरात कोणी शिकवले नव्हते. ज्यांचे ते होते ते गुरुजी निवृत्त झाले तेव्हा खारूचा जन्मही झाला नव्हता. पाणीवाली उठून चुलीपाशी गेली. तिथे काही करायचं नव्हतं. तरी उभी राहिली.

चोवीस वर्षांपूर्वी ती स्वतः अकरा वर्षांची होती, आणि मॉनिटर होती. शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि तो वाजवायला एक लोखंडी हातोडी. एका दुपारी हातोडी नाहीशी झाली. शेळीवाल्याची पोर झाडापाशी दिसली होती म्हणे. वर्गातली सगळ्यात बडबडी पोर. पाढे म्हणताना तिला थांबवावं लागायचं, नाहीतर ती तीसच्या पुढे जायची. गुरुजींनी तिला उभं केलं. ती म्हणाली, मी नाही. गुरुजींनी विचारलं, "दुपारी तुझ्याबरोबर कोण होतं?" तिने शेजारच्या बाकाकडे पाहिलं. दुपारभर त्या दोघी कुंपणापाशी एका सरड्याच्या मागे लागल्या होत्या. पण कुंपणापाशी जायला बंदी होती, आणि मॉनिटरनेच ती मोडली होती.

मॉनिटर फळ्याकडे बघत राहिली.

"कबूल करेपर्यंत हिच्याशी कोणी बोलायचं नाही," गुरुजी म्हणाले. "तिच्याच भल्यासाठी आहे."

गुरुजी वाईट नव्हते. गावात ज्याला म्हणून सही करता येत होती त्याचं पहिलं अक्षर त्यांनी हात धरून गिरवून घेतलेलं. नखं कापायला, खोटं न बोलायला, म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं ओझं घ्यायला त्यांनीच शिकवलं. म्हणून तर सगळ्यांनी ऐकलं. इतकं मनापासून ऐकलं की घरी, रस्त्यात, विहिरीवरही कोणी त्या पोरीशी बोललं नाही.

रात्र झाली, जेवणं झाली. नवऱ्याने दोनदा विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "मान धरलीय."

सकाळी सोळावा हंडा घेऊन ती गुरुजींच्या खोलीत गेली. शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली त्यांना राहायला दिली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, कान निकामी होत आलेले. माणूस ओळखायचे ते पावलांच्या हादऱ्यावरून. भिंतीवर खिळ्याला टोपी, खाली काठी, आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यावर औषधांच्या बाटल्या.

"आज उशीर झाला," गुरुजी म्हणाले.

तिने माठात पाणी ओतलं आणि त्यांच्या कानाशी वाकली. "गुरुजी, शेळीवाल्याची पोर आठवते?"

"कोणती?"

"हातोडी गेली होती बघा. तुम्ही सांगितलं होतं, तिच्याशी कोणी बोलू नका."

गुरुजी बराच वेळ आठवत राहिले. ओठ हलत होते, हजेरी घेतल्यासारखे. "हातोडी," ते म्हणाले. "पण ती सापडली होती ना?"

"सापडली. सुट्टीत रंग द्यायला टेबल हलवलं तेव्हा. तुमच्या खणाच्या मागे पडली होती."

"हो. हो, तिथेच." त्यांना बरं वाटलं. "मग मिटलं."

"शाळा उघडली तेव्हा तुम्ही घंटा वाजवलीत. आम्ही सगळे वर्गात गेलो. तुम्ही कविता शिकवायला घेतलीत."

"मग मी मुलांना सांगितलं असेल."

"नाही सांगितलंत."

"सांगितलं असणार गं."

"मी पहिल्या बाकावर होते, गुरुजी. मी वाट बघत होते."

बाहेर घंटा झाली. ती त्यांना ऐकू आली नाही. त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "ती कुठे असते आता?"

"गावातच. शेळ्या राखते. सगळे तिला मुकी म्हणतात. त्यानंतर चार महिने ती शाळेत आली. बसायची. मग यायची बंद झाली. तिला शेवटचं बोलताना कोणी ऐकलं ते कोणालाच सांगता येत नाही."

गुरुजींनी तिच्या दिशेने तोंड वळवलं. डोळे नेमके तिच्यावर नव्हते, थोडे बाजूला. "हातोडी सापडली हे तुला ठाऊक होतं. मग तू का नाही बोललीस तिच्याशी?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. आणि आपला आवाज तिला अकरा वर्षांच्या मुलीसारखा वाटला.

हंडा तिथेच ठेवून ती वर्गाकडे निघाली. टाकीपाशी थांबली. तोटीला हात लावून पाहिला. घट्ट बंद होती. टाकी रिकामी झाली त्या सकाळी सोललेली बोटं आग करत होती म्हणून तिने ती तोटीखाली धरली होती. थोडा वेळच. मग पलीकडून कोणीतरी हाक मारली, आणि ती सगळं अंग वळवून गेली. तोटी बंद केली होती का? दोन आठवडे ती हात डोळ्यांपुढे आणून बघत होती. कधी हात तोटी बंद करताना दिसायचा, कधी नाही. कोणाचं नाव आलं नाही म्हणजे कोणाला शिक्षाही नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

वर्गाच्या दारात तिच्या ओल्या पदराचं पाणी ठिबकत होतं. बाई फळ्यावर लिहीत होत्या. पन्नास-पंचावन्न पोरं, एक तरुण बाई, आणि बसकं छप्पर. कोपऱ्यात अकरावी रेघ मारलेली होती.

"काय मावशी?"

"मुलांना एक सांगायचंय, बाई."

"मधल्या सुट्टीत सांगा ना."

"तेव्हा माझ्याच्याने बोलवणार नाही." ती आत आली. समोर पोरं होती. खारू पहिल्या बाकावर, खडीवाल्याची पोर शेवटच्या बाकावर एकटीच. "तोटी मी उघडी ठेवली होती. त्या दिवशी. हात धुतला आणि तशीच गेले. हिने नाही."

पोरं तिच्याकडे, मग खारूकडे बघू लागली. खारूचे कान लाल झाले. ती वहीकडे बघत होती.

"मी तुमच्याएवढी होते तेव्हा याच वर्गात एका मुलीशी आम्ही बोलायचं सोडलं. तिचीही चूक नव्हती. मला माहीत होतं. मी बोलले नाही." पुढचं तिला जुळवता येईना. तिने लुगड्याला हात पुसले, कोरडे होते तरी. "एवढंच."

"मावशी, हे असं वर्गात नसतं सांगायचं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ऑफिसात जायचं असतं." पण त्यांनी डस्टर उचललं होतं, आणि बोलता बोलता कोपऱ्यातल्या रेघा पुसून टाकल्या.

ऑफिसात मोठ्या सरांनी तिला बसायला सांगितलं नाही. त्यांचाही नाइलाज असावा. सगळ्यांसमोर शब्द दिला होता. "तुम्ही दोन आठवडे गप्प बसलात," ते म्हणाले. "मी पोरांवर ओरडत होतो आणि तुम्ही तिथेच उभ्या होतात." ती हो म्हणाली. उद्यापासून दुसरी बाई पाणी भरेल, असं ठरलं. दोर आणि पोहरा शाळेचे होते. ते तिने ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवले. दोराच्या गाठीतून फरशीवर पाणी पसरलं, तर शिपाई म्हणाला, "ते पुसून जा."

तिने पुसलं.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. जेवताना तो एकदाच म्हणाला, "तुला कोणी विचारलं होतं?"

"नाही."

"तूच केलंस हे नक्की तरी आहे?"

"नाही."

"म्हणजे आ बैल मला मार," तो म्हणाला. मग तिच्या ताटातलं कमी दिसलं म्हणून आपल्या ताटातलं उचलून तिकडे सरकवलं. "उद्यापासून आमच्या टोळीवर ये. वर माती ओढायला माणूस कमी आहे. तिथे तोटी नाही."

खारू काही बोलली नाही. ती रात्री भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी वेणी स्वतःच घातली, वाकडी आली. आईने कंगव्याला हात लावताच ती उठून दप्तर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. पाणीवाली आता विहिरीच्या तोंडाशी बसून मातीच्या पाट्या ओढत होती. खाली नवऱ्याची पहार पडायची आणि तिचा आवाज थोड्या उशिराने वर यायचा. घरी आल्यावर ती लेकीशी बोलायची, उत्तर आलं नाही तरी. जेवायला ये. पाय धू. उद्या शाईची बाटली भरून ठेवते. आपण एकट्याच बोलत राहिलो की आपला आवाज कसा होतो, ते तिला चार दिवसांत कळलं. भांडं विहिरीत पडल्यासारखा.

पाचव्या दिवशी खारू घरी आली आणि दप्तर न काढता उभी राहिली.

"आजही माझ्याशी कोणी बोललं नाही," ती म्हणाली.

टोळीवरून नुकत्याच आलेल्या पाणीवालीने पाटी खाली ठेवली. "कधीपासून?"

"तू वर्गात येऊन गेलीस तेव्हापासून. तुझी आई खोटारडी म्हणतात. मॉनिटर बदलली. माझा पेला दगडावर ठेवतात."

"आणि खडीवाल्याची पोर? ती बोलते?"

"तीही नाही." खारूने दप्तराचा पट्टा ओढला. "मी तिला सॉरी म्हटलं. ती नुसती बघत राहिली."

पाणीवालीला लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात मातीने भरले होते. तिने कोपरानेच तिला ओढलं. अंग तापलं होतं, केसांना शाळेच्या धुळीचा वास येत होता. "मी येऊ शाळेत?"

"नको." मग आईच्या कुशीत तोंड घालूनच, "त्या मुलीशी तुम्ही किती दिवस बोलला नाहीत?"

पाणीवालीने सांगितलं.

खारूने तोंड वर करून तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिला तिथे कोणी बोलावलं नव्हतं. खडीवाल्याची पोर थोडी सरकली, एवढंच. संध्याकाळी खारूने हे आईला सांगितलं आणि म्हणाली, "बाईंनी पाहिलं. त्या काही म्हणाल्या नाहीत, पण तास संपल्यावर आमचे पेले त्यांनी स्वतः उचलून पाटीत टाकले."

त्या रविवारी टोळीला सुट्टी होती. गुरुजींचा निरोप आला. पाणीवाली गेली तर ते टोपी घालून, काठी हातात घेऊन दारातच बसलेले. किती वेळ बसले होते कोण जाणे. सावली सरकून ऊन गुडघ्यांवर आलं होतं.

"मला तिच्याकडे घेऊन चल."

"ती माळावर असते, गुरुजी. तुम्हाला चालवणार नाही."

"काठीचं टोक धर."

तिने टोक धरलं. गाव ओलांडून माळाला लागायला त्यांना एरवीच्या तिप्पट वेळ लागला. जमीन भेगाळलेली, भेगांत काठी अडकायची. गुरुजी दोनदा थांबले, एकदा एका दगडावर बसले. वाटेत कोणीतरी विचारलं, म्हाताऱ्याला कुठे चालवलंस? ती म्हणाली, शाळेच्या कामाला.

मुकी एका वठलेल्या झाडाखाली उभी होती. शेळ्या काटेरी फांद्यांना तोंड लावत होत्या. दोघांना येताना पाहून ती हलली नाही. पाणीवाली दहा पावलांवर थांबली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिने त्या तोंडाकडे सरळ पाहिलं. उन्हाने रापलेला, हाडं वर आलेला चेहरा. त्यात ती पोर शोधून सापडेना, आणि डोळ्यांत एकदम सापडली.

"समोर आहे का?" गुरुजींनी विचारलं.

"आहे."

गुरुजींनी टोपी काढली. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून काखेत धरली. "पोरी," ते म्हणाले, आणि ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसे मोठ्याने, सगळ्या माळाला ऐकू जाईल असे बोलले, "हातोडी सापडली होती. माझ्याच खणाच्या मागे होती. तुझी शिक्षा संपली हे मी सांगायला विसरलो. माझं चुकलं."

ते काठीवर भार देऊन वाट बघत राहिले.

पाणीवाली दोन पावलं पुढे झाली. "त्या दुपारी तू माझ्याबरोबर होतीस," ती म्हणाली. "कुंपणापाशी. मी सांगायला हवं होतं."

मुकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. लांबून आलेल्या माणसांचं बोलणं पुरतं कळत नसावं, तशी ती जरा मान तिरकी करून ऐकत होती. एक शेळी बाभळीच्या तुटक्या फांदीत शिंग अडकवून ओरडू लागली. मुकी वळली, जाऊन तिने शिंग सोडवलं, शेळीच्या पाठीवर थाप मारली.

"किती वेळा सांगायचं तुला, तिकडे जाऊ नकोस म्हणून," ती म्हणाली. "चल आता. ऊन चढलं."

तो आवाज घोगरा नव्हता, गंजलेला नव्हता. चांगला मोकळा, रोजच्या वापरातला आवाज होता. मुकीने सगळ्या शेळ्यांना एकेक करून हाका मारल्या, प्रत्येकीला वेगळं काहीतरी बोलत, एकीला रागावत, एकीला चिडवत, आणि त्यांच्या मागे उतारावरून चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

गुरुजी अजून समोर तोंड करून उभे होते. "काही बोलली का?" त्यांनी विचारलं.

"बोलली."

"काय म्हणाली?"

पाणीवालीने काठीचं टोक पुन्हा हातात घेतलं.

"आपल्याशी नाही, गुरुजी."